छापावे किती, राखावे किती : ‘मॅजिक’ पत्त्यांचे पहिले विस्तार-संच

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट या कंपनीने ४ मार्च १९९६ रोजी आपल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाविषयी एक धोरण जाहीर केले. धोरणासोबत पत्त्यांची यादी होती आणि यादीतील पत्ते आपण पुन्हा कधीही छापणार नाही, असे कंपनीने लिहून दिले होते. मालाला मागणी असताना, तो तयार करण्याचे साधन आणि हक्क दोन्ही हाती असताना, उत्पादकाने स्वतःचेच हात असे बांधून घेणे ही व्यापारात क्वचित आढळणारी गोष्ट आहे. या यादीला ‘रिझर्व्हड लिस्ट’, म्हणजे राखीव यादी, म्हणतात. मधल्या काळात कंपनीची मालकी बदलली, मूळ निर्णय घेणारे अनेक जण निघून गेले; यादी मात्र अद्याप लागू आहे.

हे वचन देण्याची वेळ कंपनीवर का आली, याचे उत्तर डिसेंबर १९९३ ते नोव्हेंबर १९९४ या बारा महिन्यांत निघालेल्या पाच विस्तार-संचांत सापडते. ‘अरेबियन नाइट्स’, ‘अँटिक्विटीज’, ‘लेजंड्‌स’, ‘द डार्क’ आणि ‘फॉलन एम्पायर्स’ ही त्यांची नावे. पत्ता हे खेळण्याचे साधन मानावे की साठवून ठेवण्याची संपत्ती, हा प्रश्न या पाच संचांनी उभा केला. तो सोडवण्याच्या प्रयत्नांत काही दुकानदार तोट्यात गेले, काही संग्राहकांची पुंजी आटली आणि नंतरच्या खेळाडूंसाठी काही दारे कायमची बंद झाली.

खेळाची रचना

नेहमीच्या पत्त्यांच्या खेळात बावन्न पत्त्यांचा एकच कॅट असतो आणि तोच सर्वांना वाटला जातो. ‘मॅजिक’मध्ये प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट स्वतः रचून आणतो. हा खेळ तयार करणारे रिचर्ड गारफिल्ड हे गणितज्ञ असून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी संयोजन-गणितात डॉक्टरेट मिळवली. १९९१ मध्ये ते ‘रोबोरॅली’ नावाचा पटावरील खेळ घेऊन विझर्ड्‌सचे पीटर अ‍ॅडकिसन यांच्याकडे गेले. तो छापणे त्या वेळी नवजात कंपनीला परवडणारे नव्हते. खेळांच्या मेळाव्यात दोन मोठ्या डावांच्या मधल्या वेळेत चटकन खेळता येईल आणि सहज बाळगता येईल असे काही सुचवावे, असे अ‍ॅडकिसन यांनी सांगितले. त्यातून ‘मॅजिक’ जन्माला आले.

दोन जादूगारांचे द्वंद्व अशी या खेळाची कल्पना आहे. प्रत्येकाकडे जीवनाचे २० गुण असतात व प्रतिस्पर्ध्याचे गुण शून्यावर आणायचे असतात. जमिनीच्या पत्त्यांतून ‘माना’ ही शक्ती मिळते आणि ती खर्चून प्राणी, मंत्र व वस्तू यांचे पत्ते मेजावर आणता येतात. (‘माना’ हा शब्द पॉलिनेशियन भाषांतून इंग्रजीत आलेला आहे, ‘मान’ वा ‘मन’ यांच्याशी त्याचा संबंध नाही.) पांढरा, निळा, काळा, लाल व हिरवा या पाच रंगांत पत्ते विभागलेले असतात आणि प्रत्येक रंगाचा स्वभाव निराळा.

पत्ते बंद पाकिटांतून विकले जात. पाकिटात काय निघेल ते आधी कळत नसे. च्युइंगगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवलेल्या भारतीय वाचकांना या ओढीची कल्पना असेलच. काही पत्ते सर्रास सापडत, काही कमी, काही अत्यंत दुर्मीळ. गारफिल्ड यांचा हिशेब असा होता की, मित्रांच्या एखाद्या टोळक्यात मिळून काही शे पत्ते असतील, त्यात प्रबळ पत्ते एक-दोनच असतील आणि त्यामुळे खेळाचा तोल आपोआप सांभाळला जाईल. सारे पत्ते कोणी एकटाच गोळा करील, ही शक्यता त्यांच्या हिशेबात जवळजवळ नव्हतीच.

ऑगस्ट १९९३ मध्ये २६ लाख पत्त्यांची पहिली छपाई बाजारात आली. ती काही आठवड्यांतच संपली. ऑक्टोबरमध्ये आणखी ७३ लाख पत्ते आले. तेही टिकले नाहीत. या दोन छपाया ‘अल्फा’ आणि ‘बीटा’ या नावांनी ओळखल्या जातात. डिसेंबरमध्ये पुढची, पुष्कळ मोठी छपाई करताना कंपनीने पत्त्यांची काळी किनार बदलून पांढरी केली. पहिल्या छपाया मर्यादित आहेत असे सांगून विकल्या होत्या. त्या ओळखू याव्यात हा किनार बदलण्यामागचा हेतू. पत्त्याच्या खेळातील उपयोगात यामुळे तिळमात्र फरक पडत नव्हता. तरीही काळ्या किनारीचा पत्ता अधिक मोलाचा ठरला. संग्राहक नावाचा ग्राहक अस्तित्वात असल्याची ती पहिली नोंद म्हणावी लागेल.

पाठ एकच असावी

नवा खेळ खपू लागताच नवे पत्ते हवे झाले. ‘अरेबियन नाइट्स’ हा पहिला विस्तार-संच गारफिल्ड यांनी एकट्याने आणि अल्पावधीत रचला. नील गेमन यांच्या ‘सँडमन’ या चित्रकथा-मालिकेच्या पन्नासाव्या अंकातील बगदादच्या कथेने त्यांना या विषयाकडे वळवले. पत्त्यांवर अलादीनचा दिवा, उडता गालिचा, सिंदबाद, अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय, बगदादचा बाजार आणि अनेक जिन अवतरले. मराठीत या कथा कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या अनुवादामुळे फार पूर्वीपासून परिचित असल्याने पत्त्यांवरील बरीच नावे मराठी वाचकाला ओळखीची वाटतील. कथेत कथा गुंफण्याची मूळ ग्रंथाची रीत ‘शहरजाद’ या पत्त्याने खेळात उतरवली. तो टाकला की चालू डाव थांबतो, उरलेल्या पत्त्यांवर दोघांनी एक उपडाव खेळायचा आणि त्यात जो हरेल त्याने मूळ डावातील आपले अर्धे जीवनगुण गमवायचे. उपडावातही दुसरा ‘शहरजाद’ निघू शकतो. कल्पना नामी, स्पर्धेचे वेळापत्रक सांभाळणाऱ्यांना मात्र ती डोकेदुखी होती आणि २००७ पासून अधिकृत स्पर्धांत या पत्त्याला बंदी आहे.

या संचाच्या बाबतीत सर्वांत मोठा निर्णय पत्त्यांच्या दर्शनी बाजूविषयी नव्हता, पाठीविषयी होता. मूळ बेतानुसार प्रत्येक नवा संच म्हणजे जवळजवळ स्वतंत्र खेळ असणार होता. ‘द गॅदरिंग’ हे खेळाचे नव्हे, तर पहिल्या संचाचे नाव मानले गेले होते. त्यानंतर ‘मॅजिक : आइस एज’ यासारखी नावे यायची होती. म्हणूनच ‘अरेबियन नाइट्स’च्या पत्त्यांची पाठ निराळ्या रंगाची छापायचे ठरले होते. ज्यांना जुने-नवे पत्ते मिसळायचे नाहीत त्यांना ते सहज वेगळे ठेवता यावेत, हा त्यामागचा विचार.

ही बातमी पसरताच खेळाडूंनी आणि खेळाची चाचणी घेणाऱ्यांनी हरकत घेतली. पत्ते कितीही पिसले तरी पाठ निराळी असेल, तर कॅटच्या माथ्यावर कोणत्या संचाचा पत्ता आहे हे दोघांनाही दिसणार आणि हातात धरलेले पत्तेही समोरच्याला अर्धेमुर्धे कळणार. पत्त्यांना अपारदर्शक वेष्टण घालण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. याचा व्यावहारिक अर्थ असा की, नवे पत्ते जुन्यांत मिसळताच येणार नव्हते आणि ज्यांनी जुने पत्ते पैसे मोजून जमवले त्यांना प्रत्येक संचासोबत नव्याने सुरुवात करावी लागणार होती. छपाई तोंडावर आली असताना कंपनीने बेत बदलला. पाठ पूर्वीचीच ठेवली आणि संच ओळखता यावा म्हणून दर्शनी बाजूस वक्र तलवारीचे चिमुकले चिन्ह घातले. पुढील प्रत्येक संचाला असे चिन्ह मिळाले : ‘अँटिक्विटीज’ला ऐरण, ‘लेजंड्‌स’ला खांबाचे शीर्ष, ‘द डार्क’ला चंद्रकोर, ‘फॉलन एम्पायर्स’ला मुकुट.

बदललेल्या बेताची एक खूण संचात तशीच राहून गेली. सुरुवातीच्या योजनेत या संचात साध्या जमिनींचे पत्तेही असणार होते. ते वगळले गेले. परंतु ‘पर्वत’ हा एक पत्ता छपाईच्या तावावर चुकून उरला. त्यामुळे तलवारीचे चिन्ह असलेला एकमेव साधा पर्वत आज संग्राहकांच्या कुतूहलाचा विषय आहे.

एका निर्णयाचे परिणाम किती दूर जातात, याचे हे उत्तम उदाहरण होय. पाठ एकच राहिल्यामुळे १९९३ चा पत्ता आणि कालपरवा छापलेला पत्ता एकाच कॅटमध्ये बसू शकतो. त्याच कारणाने जुना पत्ता हा केवळ स्मृतिचिन्ह न राहता खेळण्याजोगा राहिला आणि त्याची किंमत चढण्यास पाया मिळाला. पाठ निराळी असती, तर ‘अरेबियन नाइट्स’ हा बहुधा १९९३ चा एक विस्मृत खेळ झाला असता.

तावाचा हिशेब

दुर्मीळता ही येथे गूढ गोष्ट नाही. ती छापखान्यात ठरते. बेल्जियममधील कार्टा मुंडी या छापखान्यात अकरा ओळी आणि अकरा रकाने असे १२१ पत्ते एका मोठ्या तावावर छापले जात. एखादा पत्ता तावावर जितक्या वेळा येईल तितका तो सुलभ. ‘अरेबियन नाइट्स’साठी दोनच प्रकारचे ताव होते, एक सर्रास पत्त्यांचा आणि दुसरा कमी आढळणाऱ्यांचा. पाकिटात आठ पत्ते असत. त्यांतील सहा पहिल्या तावातले आणि दोन दुसऱ्या तावातले. सर्वांत दुर्मीळ पत्ते दुसऱ्या तावावर दोनदा येत.

एकूण छपाई ५० लाख पत्त्यांची होती. त्यातील चतुर्थांश, म्हणजे साडेबारा लाख पत्ते, दुसऱ्या तावातले. त्यांना १२१ ने भागून दुप्पट केली की सर्वांत दुर्मीळ अशा प्रत्येक पत्त्याच्या सुमारे २० हजार प्रती निघतात. ‘जुझाम जिन’ हा काळ्या रंगाचा प्रसिद्ध पत्ता याच वर्गातला. चार माना देऊन पाच बळाचा प्राणी मिळतो, मात्र तो दर खेपेस आपल्याच मालकाचा एक जीवनगुण खातो. जगभरातून वाढत चाललेल्या खेळाडूंसाठी एवढ्या प्रती किती अपुऱ्या होत्या, हे निराळे सांगावयास नको.

त्यानंतरचा ‘अँटिक्विटीज’ मार्च १९९४ मध्ये आला. छपाई दीड कोटी पत्त्यांची. हा संच पेनसिल्व्हेनियातील गारफिल्ड यांच्या चाचणी-मित्रांनी रचला होता आणि त्यात यंत्रे व मंतरलेल्या वस्तू यांचा भरणा होता. उर्झा व मिश्रा या पुराणवस्तूंचा शोध घेणाऱ्या भावांचे वैर त्यात पत्त्यांवरील त्रोटक मजकुरातून तुकड्यातुकड्याने सांगितले आहे. (मिश्रा हे नाव भारतीय कानांना ओळखीचे वाटले, तरी कथा सर्वस्वी काल्पनिक जगातली आहे.) दुसऱ्याच्या कथा वापरण्याऐवजी खेळाने स्वतःचे पुराण रचण्यास येथून प्रारंभ केला. याच भावांच्या युद्धावर १९९८ मध्ये कादंबरी निघाली आणि २०२२ मध्ये संपूर्ण नवा संच.

जून १९९४ मधील ‘लेजंड्‌स’ हा तोवरचा सर्वांत मोठा विस्तार होता. ३१० निरनिराळे पत्ते, एकूण छपाई साडेतीन कोटी. स्टीव्ह कॉनर्ड व रॉबिन हर्बर्ट यांनी तो रचला आणि त्यातील अनेक पात्रे त्यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या डावांतून आली. एकाहून अधिक रंगांचे पत्ते आणि एका वेळी मेजावर एकच राहू शकेल अशा नामवंत पात्रांचे पत्ते प्रथमच या संचात आले. पाकिटे दुकानांत येण्याचा अवकाश, ती संपत आणि छापील किमतीहून कितीतरी अधिक भावाने पुन्हा विकली जात. त्यात वाटणीचा घोळ झाला. अमेरिकेत आलेल्या खोक्यांचे दोन प्रकार निघाले आणि प्रत्येक प्रकारात मध्यम दुर्मीळ पत्त्यांपैकी निम्मेच सापडत. ज्याच्या गावातील दुकानात एकाच प्रकारची खोकी आली, त्याने कितीही पाकिटे फोडली तरी उरलेले निम्मे पत्ते त्याला दिसणार नव्हते. कंपनीला पत्ते बदलून देण्याची सोय करावी लागली.

‘लेजंड्‌स’चे आणखी एक वैशिष्ट्य भाषेचे आहे. १९९५ मध्ये तो इटालियनमध्ये निघाला. इंग्रजीखेरीज अन्य भाषेत अनुवादित झालेला हा पहिला विस्तार-संच. पत्त्याचे नाव कोणत्याही भाषेत असले तरी नियमांच्या दृष्टीने तो तोच पत्ता मानला जातो, त्यामुळे इटालियन न येणाऱ्या खेळाडूंनीही ही पाकिटे आवडीने घेतली. चढ्या किमतीमुळे इंग्रजी पत्त्यांपासून दूर राहिलेल्यांना या अनुवादाने प्रवेश मिळवून दिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच संचातील पाच ‘एल्डर ड्रॅगन’ त्या काळी भव्य परंतु अवजड पत्ते समजले जात. पुढे अलास्कातील खेळाडूंनी त्यांना सेनापती नेमून शंभर पत्त्यांच्या कॅटचा एक निवांत खेळप्रकार काढला. त्याचे नामकरण ‘कमांडर’ असे होऊन २०११ मध्ये कंपनीने त्यासाठी तयार कॅट विकण्यास सुरुवात केली. आज ‘मॅजिक’च्या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारांत त्याची गणना होते.

ऑगस्ट १९९४ मध्ये चित्रविभागाचे प्रमुख जेस्पर मिरफोर्स यांनी रचलेला ‘द डार्क’ आला. छपाई सहा कोटींहून अधिक होती आणि तरीही दुकानदारांची तक्रार कायम होती की, मागितले त्याचा अंशच मिळतो. त्याच महिन्यात मिलवॉकी येथे पहिली जागतिक स्पर्धा होऊन अमेरिकेचे झॅक डोलन विजयी झाले. खेळाचा भर ओसरण्याचे कोणतेही चिन्ह तेव्हा दिसत नव्हते.

मुकुटाच्या चिन्हाचा संच

मागणी आणि पुरवठा यांच्यातील या दरीने एक विचित्र सवय लावली होती. दहा खोकी हवी असतील, तर दुकानदार शंभर नोंदवी. कारण मागणीचा दहावा हिस्सा पदरात पडेल, हा त्याचा अनुभव. घाऊक विक्रेतेही आपल्या परीने तेच करीत. अशा फुगवलेल्या मागण्यांचा ढीग कंपनीकडे जमा झाला. नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘फॉलन एम्पायर्स’ निघाला, तेव्हा कंपनीने प्रथमच मागेल त्याला मागेल तेवढे देण्याइतकी छपाई केली. पत्त्यांची एकूण संख्या ३५ कोटींच्या वर गेली. ‘अरेबियन नाइट्स’च्या सत्तर पट!

तावाचा हिशेब येथेही लागू करता येतो. पाकीट पूर्वीसारखेच आठ पत्त्यांचे. सर्वांत दुर्मीळ पत्ता दुसऱ्या तावावर एकदाच येई. तरीही अशा प्रत्येक पत्त्याच्या सात लाखांहून अधिक प्रती बाजारात आल्या. तिकडे वीस हजार, इकडे सात लाख. दुकानदारांच्या दारात खोक्यांची चळत लागली आणि त्यांनी ती परत पाठवण्याचा मार्ग नव्हता. भाव कोसळले. खरेदीच्या किमतीखाली पाकिटे विकण्याची पाळी आली आणि पुढील कित्येक वर्षे हा संच सवलतीच्या टोपलीत पडून राहिला.

संचाची कथा सार्पेडिया नावाच्या खंडातील पाच साम्राज्यांच्या ऱ्हासाची होती. ती साम्राज्ये आतूनच पोखरली जातात. व्यापाराच्या दृष्टीने नाव इतके समर्पक ठरावे, अशी कोणाचीच इच्छा नव्हती. पत्ते बव्हंशी दुबळे होते हे खरे. परंतु ‘हिम टू टोराक’सारखे काही पत्ते पुढील अनेक वर्षे स्पर्धांत वापरले गेले. संचाची अपकीर्ती पत्त्यांच्या दर्जापेक्षा त्यांच्या संख्येमुळे अधिक झाली, असेच म्हणावे लागते. दुर्मीळ तेच चांगले, हा समज तोवर खेळाडूंच्या मनात पक्का मुरला होता.

दोष कोणाचा? मागणी फुगवून नोंदवणारे दुकानदार निर्दोष नव्हते. परंतु वर्षभर मागणीच्या अंशावर भागवायला लावून, नंतर ती पूर्ण करणाऱ्या कंपनीने त्यांना ही सवय लावली होती.

दोन जिनांची कथा

जानेवारी १९९५ मध्ये स्पर्धांसाठी ‘टाइप २’ हा नवा वर्ग सुरू झाला. त्यात मूळ संचाची चालू आवृत्ती व अलीकडचे विस्तार-संच एवढेच चालत. ज्यांच्याकडे १९९३ चे पत्ते नाहीत अशा नवागतांना बरोबरीने खेळता यावे, ही त्यामागची भूमिका. या सुधारणेचे श्रेय कंपनीला द्यावयास हवे; नव्या पत्त्यांना ग्राहक टिकून राहावा ही सोयही त्यात होतीच.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ‘क्रॉनिकल्स’ हा फेरछपाईचा संच निघाला. ‘अरेबियन नाइट्स’, ‘अँटिक्विटीज’, ‘लेजंड्‌स’ व ‘द डार्क’ यांतील शंभराहून अधिक निवडक पत्ते त्यात पांढऱ्या किनारीने पुन्हा छापले होते. पाचही एल्डर ड्रॅगन त्यात होते. ‘सिटी ऑफ ब्रास’ ही पाचही रंगांचा माना देणारी जमीन होती. ‘एर्नाम जिन’ हा हिरव्या रंगाचा बलवान जिनही होता.

खेळाडूंच्या दृष्टीने ही पर्वणी होती. ‘एर्नाम जिन’ काही दिवसांतच सर्वसामान्यांच्या हाती आला आणि सर्व जमिनी नष्ट करणाऱ्या ‘आर्मागेडन’ या पत्त्याच्या जोडीने त्या काळातील एका गाजलेल्या कॅटचा कणा बनला. संग्राहकांवर मात्र आघात झाला. ज्यांनी शेकडो डॉलर वेचून जुने पत्ते घेतले होते त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचे भाव घसरले. संतापाचा रोख दुकानदारांकडेही वळला, कारण जुने पत्ते विकत घेऊन ठेवणारे आणि पुन्हा विकणारे तेच होते. एका वर्षात त्यांना हा दुसरा फटका बसत होता.

उद्या कोणता पत्ता पुन्हा छापला जाईल याची शाश्वती नसेल, तर आज तो चढ्या भावाने कोण घेणार आणि दुकानदाराने तो साठवावा तरी का? या प्रश्नाला उत्तर म्हणून ४ मार्च १९९६ ची राखीव यादी आली. ‘क्रॉनिकल्स’मध्ये समाविष्ट न झालेला ‘जुझाम जिन’ त्या यादीत गेला; ‘बझार ऑफ बगदाद’, अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय, ‘मिश्राज वर्कशॉप’ आणि ‘लेजंड्‌स’मधील ‘द टॅबरनॅकल अ‍ॅट पेंड्रेल व्हेल’ हेही गेले. एकाच संचातील दोन जिनांच्या वाटा येथे कायमच्या वेगळ्या झाल्या. पांढऱ्या किनारीचा ‘एर्नाम’ आज किरकोळ किमतीस मिळतो. ‘जुझाम’साठी मात्र सामान्य खेळाडूला कर्ज काढावे लागेल.

वचन देताना समोर होते ते १९९६ चे संग्राहक व दुकानदार. त्यांचे नुकसान खरे होते आणि त्यांचा विश्वास परत मिळवल्याविना खेळ तगला नसता, हे मान्य करावे लागेल. परंतु ज्यांनी नंतर खेळण्यास सुरुवात केली, त्यातील अनेक तर तेव्हा जन्मलेही नव्हते, त्यांचे म्हणणे मांडण्यास कोणी नव्हते. जुन्या पत्त्यांना मुभा असलेल्या स्पर्धांत उतरण्याचा खर्च आज एखाद्या मोटारीच्या घरात जातो. परिणामी अनेक आयोजक अधिकृत मान्यता सोडून देतात आणि मूळ पत्त्याऐवजी प्रतिकृती वापरू देतात.

१९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी-उद्योगाने विझर्ड्‌स विकत घेतली. यादीतून काही पत्ते २००२ मध्ये वगळण्यात आले. यादीतील पत्ते चकाकत्या आवृत्तीत छापण्याची पळवाट होती, ती २०१० मध्ये बंद करण्यात आली. यादीबाहेर राहिलेले पत्ते मात्र परतू शकतात. ‘लेजंड्‌स’मधील ‘माना ड्रेन’ हा बहुचर्चित पत्ता २०१७ मध्ये पुन्हा छापला गेला.

छपाईखेरीज अन्य कारणांनीही हे जुने संच चर्चेत आले. जून २०२० मध्ये कंपनीने वंश वा संस्कृती यांचा अवमान करणारे म्हणून सात जुने पत्ते सर्व अधिकृत स्पर्धांतून बाद केले. ‘लेजंड्‌स’मधील ‘प्रदेश जिप्सीज’ हा त्यातील एक. ‘प्रदेश’ हा शब्द रचनाकारांनी कोठून उचलला असेल हे भारतीय वाचकाला सांगावयास नको. आक्षेप होता तो ‘जिप्सी’ या शब्दाला. युरोपातील रोमा समाज तो हिणकस मानतो. रोमा लोकांची भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे, हे भाषाशास्त्राने पूर्वीच दाखवून दिले आहे. पत्त्यावरील दोन शब्दांचा हा योगायोग त्या दृष्टीने लक्षणीय म्हणता येईल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये खेळाच्या तिसाव्या वर्धापनाच्या निमित्ताने पहिल्या संचातील राखीव पत्त्यांसह एक विशेष आवृत्ती विक्रीस आली. चार पाकिटांत मिळून ६० पत्ते, कोणते ते नशिबावर, आणि किंमत ९९९ डॉलर. वचनभंग होऊ नये म्हणून या पत्त्यांची पाठ मुद्दाम निराळी छापण्यात आली. ते अधिकृत स्पर्धेत वापरता येत नाहीत. १९९३ मध्ये खेळाडूंनी जी कल्पना हाणून पाडली होती, तीच कंपनीने यादीतून वाट काढण्यासाठी वापरली. या आवृत्तीवर खेळाडूंनी सडकून टीका केली. त्याच महिन्यात बँक ऑफ अमेरिकाच्या विश्लेषकांनी हॅस्ब्रोच्या समभागाचे मानांकन खाली आणले. ‘मॅजिक’चे पत्ते प्रमाणाबाहेर छापले जात आहेत, असे त्यांनी कारण दिले. त्या वर्षी ‘मॅजिक’ची उलाढाल प्रथमच एक अब्ज डॉलरवर गेली होती.

दरम्यान, स्वीडनमधील काही खेळाडूंनी केवळ १९९३ व १९९४ च्या पत्त्यांनी खेळण्याचा एक प्रकार सुरू केला व तो अन्य देशांतही पसरला. कोणते संच चालतील याविषयी त्यांचे नियम स्थळपरत्वे बदलतात. स्वीडनच्या मूळ नियमांत ‘अरेबियन नाइट्स’ ते ‘द डार्क’ हे चार विस्तार-संच होते. नोव्हेंबर १९९४ मध्येच निघालेल्या ‘फॉलन एम्पायर्स’ला त्यात जागा नव्हती. अन्यत्र काही आयोजकांनी तो आत घेतला. त्या दोन वर्षांतील संचांपैकी न फोडलेली पाकिटे सर्वांत स्वस्त मिळतात ती अजूनही त्याचीच.